ताईंच्या नावावरचं कोड

ताई आमच्यापैकी कोणाचीच बहीण नव्हत्या, पण त्यांचं खरं नाव विचारलं असतं तर निम्मं ऑफिस डोकं खाजवत बसलं असतं. दोन मुलं मोठी होईपर्यंत बारा वर्षं घरी होत्या. परत आल्यावर कॉम्प्युटरच्या जुन्या भाषेतले सगळे प्रोग्रॅम त्यांच्या गळ्यात पडले, कारण आम्हा शहाण्यांना त्या प्रोग्रॅमना हात लावायचा नव्हता. ताई मात्र दुसऱ्याच्या कोडमधला स्वल्पविरामही त्याला विचारल्याशिवाय हलवत नसत.

ते जुने प्रोग्रॅम महिनाभरात बंद होणार होते आणि त्यांच्याबरोबर ताईंची नोकरीही. वाचनालयाच्या हॉलमध्ये शनिवारी आमच्या गावातल्या प्रोग्रॅमरांचा मेळावा होता. विषय होता, कोणती भाषा बरी आणि टीमने काम कसं करावं. तिथे एका कंपनीचे साहेब माणसं शोधायला येणार होते. ताईंना मीच आग्रह केला होता, चला, ओळख करून देतो.

आणि माइक माझ्याच हातात आला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. लोकांना हसवायचं म्हणून मी आमचंच एक जुनं कोड पडद्यावर लावलं. एकच हिशोब चार ठिकाणी, आणि नावं काय, तर ‘तात्पुरतं_दोन’, ‘शेवटचं_खरंच’. हॉल खदखदून हसला. असं लिहिणाऱ्याला टीममध्ये घेऊ नका, असंही मी वर म्हणालो. मागून कोणीतरी विचारलं, लिहिलंय कोणी? कुठली ओळ कोणाची हे आमच्याकडे एक बटण दाबलं की दिसतं. मी ते दाबलं.

प्रत्येक ओळीसमोर ताईंचं नाव आलं. दुसऱ्या रांगेतल्या साहेबांनी चष्मा लावून ते नीट वाचलं.

तेव्हा कुठे मला ‘शेवटचं_खरंच’ ओळखू आलं. अशी नावं फक्त मी देतो. दोन वर्षांपूर्वी माझा कॉम्प्युटर बंद पडला होता, काम त्याच संध्याकाळी द्यायचं होतं, आणि ताईंनी मला आपली खुर्ची दिली होती. त्यांच्या लॉगिननेच, म्हणजे त्यांच्याच नावावर, मी ते घाईघाईत लिहून मोकळा झालो होतो.

हे माझं आहे, एवढंच म्हणायचं होतं. समोर दीडशे माणसं होती. मी पुढचं पान लावलं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती, तरी मी बोलतच राहिलो.

चहाच्या वेळी ताई खिडकीशी एकट्या उभ्या होत्या. मी जवळ जाऊन म्हणालो, “ताई, ते कोड माझं होतं.”

“माहितीये मला,” त्या म्हणाल्या. “माझ्याच खुर्चीत बसून लिहिलंस की.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू बोलशील म्हणून थांबले होते.” त्यांनी दाराकडे पाहिलं. साहेब अजून तिथेच, हातात कप घेऊन उभे होते. “अजूनही सांगू शकतोस.”

मी निघालो. साहेबांपर्यंत पोचलोही. त्यांनी माझी पाठ थोपटली, छान बोललात म्हणाले, आपलं कार्ड दिलं. मी ते खिशात घातलं आणि धन्यवाद म्हणालो.

सोमवारी ताईंनी मला विचारलं, “तुझ्या त्या कोडला हात लावू का?” मी मान डोलावली. त्यांनी दिवसभर बसून ते स्वच्छ लिहून काढलं. आता त्या ओळींसमोर त्यांचं नाव आहे ते खरं आहे, पण ते वाचायला कोणी नाही. ते कार्ड अजून माझ्याकडे आहे.