सामना हरल्यावरची सकाळ

दुसरं महायुद्ध संपल्यावर मी शेतकीच्या शिक्षणासाठी दोन वर्षं अमेरिकेत होतो. अनसिंगला, आमच्या गावी, परतलो तेव्हा पेरणी तोंडावर आली होती. वडील अंगणात बसून पेरायच्या सरकीला शेण-माती चोळत आणि मी शेजारी बसून तिकडच्या गोष्टी सांगे. यंत्रांच्या गोष्टी ते नुसत्या ऐकून घेत. बास्केटबॉलची गोष्ट निघाली तेव्हा मात्र त्यांचे हात थांबले.

मी राहायचो त्या लहान गावात बियाण्याचं एक दुकान होतं. तिथला एक उंच माणूस दिवसभर पोती उचलायचा आणि संध्याकाळी गावच्या संघातून खेळायचा. खेळण्याचा त्याला पगार मिळे. माझं दुकानात सारखं जाणं-येणं असे, म्हणून एका शुक्रवारी त्याने मला सामन्याचं तिकीट दिलं.

"खेळाचा पगार भेटते, तं मंग पोते कायले उचलते?" वडिलांनी विचारलं.

तेवढ्यावर घर चालत नाही, असं मी सांगितलं. ते त्यांना पटलं.

बाहेर गुडघाभर बर्फ होता आणि आत हॉल माणसांनी गच्च भरला होता. मला नियम येत नव्हते. शेजारच्या म्हातारीने विणता विणता ते समजावले आणि थोड्या वेळाने मीही सगळ्यांबरोबर ओरडू लागलो. त्या गावात आल्यापासून इतक्या मोठ्याने मी बोललोच नव्हतो. शेवटच्या मिनिटाला आमचा संघ एका गुणाने मागे होता. दुकानातल्या माणसाला रेघेवर उभं राहून, कोणी आडवं न येता, दोनदा चेंडू कड्यात टाकायचा होता. दोन्ही चेंडू कड्याला लागून बाहेर पडले. लोक कोट चढवून निघाले.

"दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला का?" वडिलांनी विचारलं.

आला होता. मी मुद्दाम सकाळीच गेलो होतो. एका शेतकऱ्याने त्याला तोंडावरच सांगितलं, की चेंडू टाकताना गुडघे वाकवायला हवे होते. त्याने ऐकून घेतलं आणि त्याच शेतकऱ्याचं पोतं गाडीत टाकून दिलं. रात्री झोप लागली नाही, एवढंच तो मला म्हणाला. सोमवारी पुन्हा सराव होता.

वडिलांनी हातातली सरकी खाली ठेवली.

"मी आसेगावच्या कुस्तीच्या दंगलीत पडलो होतो," ते म्हणाले. "तुह्या जन्माच्या आंधी. साऱ्या गावाची आशा होती माह्यावर. मंग आठ दिवस वावरातच राह्यलो, घरी आलो नाही. कुस्ती तवाच सोडली."

वडील कुस्ती खेळत, हे मला ठाऊकच नव्हतं. घरात कोणी कधी विषय काढला नव्हता. कोणत्या डावावर पडलात, असं मी विचारलं.

ते उठले. हात शेणाने भरलेले, म्हणून नुसत्या कोपराने त्यांनी माझ्या मानेला विळखा घातला, कंबर आत आणली आणि ढाक कशी बसली होती ते सावकाश दाखवलं. आई दारात येऊन पाहत उभी राहिली.