चारशे सत्तावन्नच्या जरा खाली

माझी ती पोस्टिंग एका फील्ड वर्कशॉपच्या डिटॅचमेंटमध्ये होती. उत्तरेला, बर्फात. ठिकाणाचं नाव लिहिणार नाही. लिहिलं तरी वाचणाऱ्याला तिथे जायला ना रस्ता आहे, ना कारण.

मी हवालदार. तोफ चालवणारा नव्हे, रेडिओ दुरुस्त करणाराही नव्हे. रेडिओ बिघडला तर रेडिओ मेकॅनिक तो उघडतो, मीटर लावतो आणि म्हणतो, ठीक आहे. पण मीटरच खोटं बोलत असेल तर? तिथे मी. सिग्नल जनरेटर, पॉवर मीटर, फ्रीक्वेन्सी काउंटर, अशा मोजणाऱ्या यंत्रांना मोजायचं आणि ताळ्यावर आणायचं, हे माझं काम. धुळ्यात माझ्या लग्नाच्या बैठकीत हे समजावताना वडिलांना घाम फुटला होता. शेवटी ते म्हणाले, "पोऱ्या मिलिटरीमा काटा तपासस." सासरेबुवांना वाटलं, जावई वजनमापे खात्यात आहे, वरकमाई बरी असेल. लग्न झालं. मी अजून त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही.

आमचा बंकर अख्ख्या कॅम्पात सगळ्यात उबदार. माणसांसाठी नव्हे हो! काउंटरच्या पोटात एक स्फटिक असतो. तो ठरावीक उष्णतेतच ठरलेली लय धरतो, म्हणून त्याच्याभोवती छोटा हीटर असतो आणि त्या हीटरला फार कष्ट पडू नयेत म्हणून आमच्याकडे रॉकेलची बुखारी सतत पेटलेली. त्यामुळे पलटणीतल्या निम्म्या लोकांना अचानक विजेच्या मापनशास्त्रात रस निर्माण झाला होता.

त्यात पहिला नंबर नाईक सुकलाल महाजनचा. इन्फंट्रीचा माणूस, पेट्रोल कमांडर, म्हणजे गस्तीच्या तुकडीचा म्होरक्या, गाव एरंडोल. बर्फ झटकत आत यायचा आणि विचारायचा,

"नाना, तुना यंत्रले थंडी वाजस का?"

"वाजस."

"मंग मी बी यंत्रच शे." आणि बुखारीला पाठ लावून बसायचा.

बसला की भरीत करायचा. तोंडाने. तुरीच्या काट्यांवर वांगी कशी भाजायची, लाकडी बडगीत मिरच्या कशा ठेचायच्या, कांद्याची पात किती, शेंगदाणे कधी. समोर डब्यातली डाळ आणि शिळी पुरी. लान्स नाईक बलबीर हा हिमाचलचा गडी त्याच्याच सेक्शनमधला. त्याने जन्मात भरीत खाल्लेलं नव्हतं, पण तो डोळे मिटून ऐकायचा आणि दर दोन वाक्यांनी विचारायचा, "फिर क्या डाला, उस्ताद?" सुकलाल मुद्दाम थांबायचा. एकदा तर नेमका तेलाच्या फोडणीपाशी उठून ड्युटीवर निघून गेला. बलबीर दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही.

आता बीकनबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. बर्फात पेट्रोलला जाणाऱ्या प्रत्येकाच्या कोटाखाली एक छोटा ट्रान्समीटर बांधलेला असतो. तो चारशे सत्तावन्न किलोहर्ट्झवर टीप, टीप असा सारखा वाजत असतो. माणूस हिमस्खलनात गाडला गेला की बाकीचे आपापले बीकन ऐकण्यावर लावतात आणि आवाजाच्या मागावर जाऊन खणतात. बर्फाखालच्या माणसाला हाक मारता येत नाही. त्याच्या वतीने ती डबी हाक मारते.

सीझन सुरू होण्याआधी सगळे बीकन माझ्या बाकावर आले. मी एकेक काउंटरला लावला. सगळे मर्यादेत, पण सगळे एकाच बाजूला, सारख्याच मापाने सरकलेले. सुकलाल मागून डोकावत म्हणाला, "बठ्ठा पोरे एकच चूक करतंस, म्हणजे मास्तरच चुकेल शे, नाना." मलाही तोच संशय होता. काउंटर जीपीएसच्या घड्याळाशी ताडून पाहिला. काउंटरच लबाड निघाला. उघडला, तर आतल्या हीटरचा एक सोल्डर थंडीने तडकलेला. स्फटिक गारठून आपल्याच लयीत चालला होता. जोड पुन्हा केला, यंत्र दिवसभर तापू दिलं, मग सगळे बीकन पहिल्यापासून तपासले. सगळे बरोबर.

मग मी एक आगाऊपणा केला. बीकन काही माझ्या बुखारीशेजारी गाडले जाणार नव्हते. म्हणून सगळे डब्यात घालून बाहेर बर्फात ठेवले आणि थंडगार झाल्यावर पुन्हा मोजले. एक सोडून सगळे जागेवर राहिले. तो एक जरासा गार झाला की खाली घसरायचा. चारशे सत्तावन्नच्या जरा खाली, पण मर्यादेच्या बाहेर.

जरा खाली म्हणजे काय बिघडलं, असं तुम्ही विचाराल. आमच्या बीकनमधले नवे रिसीव्हर डिजिटल होते. पडद्यावर बाण आणि अंतर, सगळं झकास. पण त्यांचा कान अरुंद. जागेवरचा आवाज दुरून पकडतील, सरकलेला अगदी जवळ गेल्याशिवाय नाही. माझ्या कपाटात जुन्या पद्धतीचा एक ॲनालॉग रिसीव्हर पडून होता. त्याला ना पडदा ना बाण. ईयरफोन लावायचा आणि आवाज वाढेल तिकडे जायचं. त्याचा कान मोठा. सरकलेल्या बीकनचा सूर त्याच्यात जरा जाड यायचा, पण यायचा.

सुकलालने दोन्ही ऐकून पाहिलं आणि खूश झाला. "हाऊ बीकन अहिराणी बोलस, नाना! नवा साहेब लोकेसले समजाव नही."

मी त्यावर लाल पट्टी चिकटवली. बदली बीकन पुढच्या हेलिकॉप्टरने येणार होता. हवामान बिघडलं आणि हेलिकॉप्टर आलंच नाही.

तेवढ्यात वरच्या पोस्टवर एक जवान आजारी पडला. छातीत पाणी भरत होतं. त्याला खाली आणणं भाग होतं आणि स्ट्रेचरसाठी आठ माणसं लागत होती. बीकनशिवाय कोणी जायचं नाही, हा कायम हुकूम. चांगले बीकन सात. संध्याकाळी आमचे कॅप्टन साहेब माझ्या बाकापाशी आले. सुकलाल आणि बलबीर तिथेच होते.

"हवालदार, लाल पट्टीवाला चलेगा?"

"साहेब, फेल आहे. जुन्या रिसीव्हरला दुरून ऐकू येतो. नव्यांना जवळ गेल्यावरच."

"मतलब, ना से बेहतर?"

"हो साहेब."

आठवा माणूस बलबीर होता. त्याने हात पुढे केला. सुकलालने त्याच्या हातावर फटका मारला, गळ्यातला आपला बीकन काढून त्याच्या गळ्यात घातला आणि माझ्याकडे वळला. "तो मालेच दे." मग बलबीरला म्हणाला, "कमांडर मैं हूँ. खराब राशन पहले कमांडर चखता है."

साहेब म्हणाले, "ठीक है. हवालदार, पुराना रिसीव्हर लेकर तुम बेस पर स्टँडबाय. कुछ हुआ तो पहली पार्टी के साथ ऊपर."

बलबीर पुढे निघून गेल्यावर सुकलाल दारात थांबला. "नाना, उद्या फोडणीपासून पुढे सांगसू. बलबीरले सांगी ठेव."

सकाळी सहाला आठ जण निघाले. मी रिसीव्हरच्या बॅटऱ्या काखेत धरून सिग्नल टेंटमध्ये बसलो. बॅटरीला गारठा सोसत नाही.

पावणेसातच्या सुमाराला सेट बोलला.

"बेस, स्लाइड आया. दो बंदे नीचे. ओव्हर."

"नाम बताओ. ओव्हर."

"बलबीर. और सुकलाल उस्ताद."

थोड्या वेळाने, "बलबीर का सिग्नल मिला. खोद रहे हैं."

"महाजन का?"

"कुछ नहीं, साब."

कॅप्टन साहेबांनी वळून पाहिलं तेव्हा मी बूट आवळत होतो.

आमच्यासाठी एकही बीकन उरला नव्हता; तो कायम हुकूम साहेबांनी स्वतःच्या जबाबदारीवर बाजूला ठेवला. चढ उभा होता. त्या उंचीवर पळता येत नाही; पळणारा शंभर पावलांत आडवा होतो. चालायचं, थांबायचं, श्वास घ्यायचा. गाडलेल्या माणसाकडे किती वेळ असतो ते आम्हा सगळ्यांना पाठ होतं. अर्ध्या वाटेवर सेटवर आलं, "बलबीर निकल गया. ज़िंदा है." आमच्यातल्या एकाने देवाचं नाव घेतलं. मी वेग वाढवायला गेलो आणि गुडघ्यावर पडलो. पुन्हा चालू लागलो.

पोहोचलो तेव्हा पाच जण लांब सळया बर्फात खुपसत ओळीने सरकत होते. सहावा, नर्सिंग असिस्टंट, बलबीरला ब्लँकेटांत गुंडाळून चोळत होता. एका जवानाने मला त्याचा डिजिटल रिसीव्हर दाखवला. बाण बलबीरकडे होता. "सब यही दिखा रहे हैं. उस्ताद का कुछ नहीं."

मी बॅटऱ्या घातल्या, ईयरफोन लावला. टीप, टीप, टीप. बारीक, मोठा, कानात खुपणारा. हा नेमका चारशे सत्तावन्नवरचा आवाज. कितीही सरकलो तरी तोच. मी डोळे मिटले. त्या आवाजाच्या खाली, दोन टिपांच्या फटीत, आणखी काहीतरी होतं.

मी ओरडलो, "बलबीरचा बीकन! बलबीर का बंद करो!"

त्याला बाहेर काढल्यावर जीव वाचवण्याच्या घाईत ती डबी कोणाच्या लक्षातच आली नव्हती. ब्लँकेटं उघडली. बोटं आखडलेली, बटण सापडेना. एकाने दातांनी हातमोजा ओढून काढला. मग आवाज तुटला.

आणि उरला तो जाड सूर. सावकाश. माझ्या बाकावर दहा वेळा ऐकलेला.

मी चालू लागलो. आवाज वाढला. पुढे गेलो, कमी झाला. मागे आलो. आडवा गेलो. शेवटी रिसीव्हर बर्फाला टेकवून रांगलो. जिथे सगळ्यात मोठा झाला तिथे हात ठेवला. आत्तापर्यंत सळया खुपसल्या होत्या त्या जागेच्या बऱ्याच खाली, उताराच्या कडेला.

"इथे."

खणणारे मराठी नव्हते. सगळ्यांना समजलं.

सुकलाल बसल्यासारखा सापडला. एक हात तोंडापुढे. नर्सिंग असिस्टंटने त्याच्या छातीवर काम सुरू केलं आणि गरजेपेक्षा पुष्कळ जास्त वेळ चालू ठेवलं. आम्ही कोणी त्याला थांबवलं नाही. मग तो आपणहून थांबला आणि सेट हातात घेतला.

"बेस, महाजन उस्ताद नहीं रहे. ओव्हर."

दुसरी पार्टी वरच्या आजारी जवानाकडे गेली. त्यालाही खाली आणलं. तो वाचला.

आम्ही सुकलालला घेऊन उतरलो. मी स्ट्रेचरशेजारी चालत होतो. एका वळणावर नर्सिंग असिस्टंट म्हणाला, "उस्ताद, कान से निकाल दो." तोवर मला कळलंच नव्हतं की ईयरफोन अजून कानात आहे आणि तो अजून वाजतो आहे. मी काढून खिशात ठेवला. खिशातूनही ऐकू येत होतं.

अपघातातलं प्रत्येक उपकरण तपासायचं, असा नियम आहे. मी तो बीकन बाकावर घेतला. आधी गार असतानाच मोजला. जिथे मी सांगितला होता, नेमका तिथेच होता. मग बंद केला.

आता मी धुळ्यात राहतो. केबलवाल्यांची आणि टॉवरवाल्यांची मीटरं ताळ्यावर आणतो. सासरेबुवा दुकानात येतात, तराजू कुठे दिसत नाही म्हणून इकडेतिकडे बघतात आणि गप्प बसतात.

सुकलालच्या दिवसाला आम्ही एरंडोलला जमतो. बलबीर हिमाचलहून येतो. सुकलालच्या आईला आम्ही अक्का म्हणतो. ती अंगणात काट्यांवर वांगी भाजते आणि कळण्याच्या भाकरी थापते. पहिल्या वर्षी बलबीर चुलीपाशी बसून कितीतरी वेळ नुसता बघत होता. अक्काने तेल तापवलं तेव्हा त्याने हळूच विचारलं, "फिर क्या डाला, अम्मा?" अक्काला हिंदी फारसं येत नाही. तिने सांगितलं. सगळं, शेवटपर्यंत.

गेल्या हिवाळ्यात सुकलालचे वडील, आबा, एकटेच एसटीने धुळ्याला आले. चहा घेतला, टोपी मांडीवर ठेवली.

"नाना, एक काम व्हतं. तो कसा सापडना ते तू माले सांगेल शे. तो आवाज माले ऐकाना शे."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि उठून सिग्नल जनरेटर लावला. तापू दिला. तोवर आबा बाहेरची रहदारी बघत बसले. मग आकडा चारशे सत्तावन्नवर आणला, लय धरली, समोर जुन्या पद्धतीचा रिसीव्हर ठेवून त्याला छोटा स्पीकर जोडला. टीप, टीप.

"हाऊ?"

"नही, आबा. हाऊ बठ्ठास्ना." मी आकडा खाली आणला. माझ्या लक्षात होता तिथे. सूर जाड झाला. "हाऊ तेना."

आबांनी कान पुढे केला. रस्त्यावर रिक्षा वाजत होत्या, शेजारी कोणीतरी शटर वर ढकललं. आबा मान हलवत होते, एकेका टिपेला. मग त्यांनी विचारलं, "बर्फमा बी असाच चालू व्हता?"

"हो."

"तू येस तवलोंग?"

"हो, आबा. त्यानंतरही."

त्यांनी टोपी उचलून डोक्यावर घातली, नीट केली, आणि स्पीकरवर आपला हात ठेवला.

"आते बंद कर, भो. थकी गया व्हई तो."