घरचा पाहुणा

प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात. मी मात्र एक किलकिला ठेवतो. काल जेवणाआधी त्या डोळ्याला दिसलं, की बायकोचे खांदे हसण्याने हलताहेत.

तीन आठवडे गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांत उपदेश करून मी नुकताच परतलो होतो. रोज नवं घर, नवं ताट आणि यजमानांसाठी तीच ठरलेली प्रार्थना. आताही खड्या आवाजात तीच चालली होती, "प्रभू, या प्रवाशाला थारा देणाऱ्या भगिनीला आशीर्वाद दे."

"आमेन," रूथ म्हणाली. "पाहुणे, मुक्काम किती दिवस?"

मी हसलो, पण पहिल्याच घासाला मनात वेगळंच आलं. बाहेर लोक मला पंख्याखाली बसवतात, हातातलं ताटही काढून घेतात. सगळीकडे असा मान मिळत गेला, की हक्काने रागावणारं कुणी उरत नाही. घरातही तसंच झालं तर?

जेवण झालं. रूथने माझं ताट उचललं नाही.

"अहो, ताट घासा. कढईसुद्धा. करपलीय."

मी बाह्या सरसावल्या आणि इतक्या आनंदाने कढई घासू लागलो, की शेवटी तीच म्हणाली, "पुरे आता, भोक पडेल."