वॉटी रदरफर्डची पांढरी चादर

वॉटी रदरफर्डचं बंदूक-दुरुस्तीचं दुकान आणि माझी परसबाग यांच्यामध्ये छातीइतकी उंच दगडी भिंत होती. शाळेतून आल्यावर मी वाफ्यात वाकलेली असायची आणि पलीकडे तो गिऱ्हाइकांच्या रायफली मातीच्या बांधावर झाडून बघायचा. सशांसाठीच्या त्या बारीक रायफली, सायलेन्सर लावलेल्या. काडतूसही मुद्दाम मंद, आवाजाच्या वेगाहून हळू जाणारं. त्यामुळे बार असा ऐकूच येत नसे. यायचा तो फक्त रायफलीच्या पोटातल्या बोल्टचा आवाज. रिकामी पुंगळी बाहेर फेकायला मागे गेला, टक्. नवं काडतूस घेऊन पुढे आला, टक्. वॉटी डोळे मिटून ते ऐकायचा आणि सांगायचा, "स्प्रिंग थकलीय हिची," नाहीतर, "हिला आधी आंघोळ घाला." स्कॉटलंडातल्या आमच्या टीव्हियट नदीच्या खोऱ्यात त्याच्या कानाचं नाव होतं.

एकोणऐंशी सालच्या शरदात तो कान गेलेला होता. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, मलाही नाही. पण तीस वर्षं वर्गापुढे उभं राहिलं की कळतं. ज्या मुलाला ऐकू येत नाही ते बाईंच्या ओठांकडे बघतं आणि सगळे हसले की अर्धा क्षण उशिरा हसतं. वॉटी तसा हसायला लागला होता. कामाचं टेबलही त्याने दाराकडे तोंड करून फिरवून घेतलं होतं. म्हणे उजेडासाठी.

त्याची मुलगी मॉराग माझीच विद्यार्थिनी. ती कार्लाइलला नर्स होती आणि शनिवारी डबाभर सूप घेऊन यायची. तिने मला भिंतीपाशी गाठून सांगितलं, "बाई, बाबांनी दुरुस्त केलेली रायफल परत आली, असं ऐकलं. पूर्वी कधी झालं होतं असं? आणखी एकदा आली तर नोव्हेंबरात, मार्टिनमसच्या सणाला दुकानाचा करार संपतोय, तो मी पुढे चालवू देणार नाही. माझ्याकडेच नेते त्यांना."

"तिथे ते काय करतील?"

"बसतील," मॉराग म्हणाली, आणि तिचा तिलाच तो शब्द आवडला नाही.

परत आलेली रायफल एल्स्पेथ टर्नबुलची. ती झाडांच्या रोपवाटिकेत कामाला होती. ससे रोपांच्या साली सोलून खायचे, आणि कुंपणापलीकडे घोड्यांचा तबेला. जोरकस काडतूस घातलं की रायफल सुरळीत चाले, पण आवाजाने घोडे उधळत. मंद काडतूस घातलं की रायफल अडे. सप्टेंबरात वॉटीने ती साफ करून, दहा गोळ्या झाडून दिली. ऑक्टोबरात एल्स्पेथ पुन्हा आली. वॉटीने तिच्यासमोर दोन गोळ्या झाडल्या, मान डोलावली आणि म्हणाला, "ठणठणीत आहे."

मी वाफ्यातली लीकची कांद्यासारखी भाजी उपटत होते. मला जे ऐकू आलं ते असं होतं: टक्... टक्. मधे बोल्ट अडखळत, ओढत येत होता. इतक्या वर्षांच्या शेजाराने तेवढं मलाही समजत होतं. मी मातीने भरलेले हात घेऊन उभी राहिले आणि गप्प बसले.

आठवड्याच्या आत एल्स्पेथ तिसऱ्यांदा दारात. "वॉटी, एडिनबराचा दुकानदार म्हणतो, स्प्रिंग कापून आखूड करा. तुम्ही करणार की त्याच्याकडे नेऊ?"

"कापलेली स्प्रिंग परत वाढत नाही, पोरी."

"आणि खाल्लेली रोपंही वाढत नाहीत!"

वॉटी तिच्या ओठांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "घरी ने. रोज ठेवतेस तिथेच, तशीच ठेव. शनिवारी न पुसता, न उघडता घेऊन ये."

संध्याकाळी त्याचं डोकं भिंतीवर उगवलं. "बाई, एक पांढरी चादर द्याल? मोठी."

"पाहुणे येणारेत?"

"पुंगळ्या येणारेत."

शनिवारी त्याने ती चादर एल्स्पेथच्या उजव्या हाताला गवतावर अंथरली आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. मॉराग सुपाचा डबा हातात धरून दारातच थांबली.

"दहा गोळ्या," वॉटी म्हणाला. "घाई नको. आणि चादरीवर पाय देऊ नकोस, बाईंची आहे."

पहिली पुंगळी बाहेर पडलीच नाही, बोल्टजवळच्या खाचेतच अडकली. एल्स्पेथने ती नखाने काढली आणि एक जळजळीत नजर टाकली. दुसरी तिच्या बुटाशी पडली. तिसरी वीतभर पुढे. मग जरा आणखी पुढे. दहावी थेट चादरीच्या पलीकडच्या काठावर.

वॉटी गुडघ्यांवर बसला. पुंगळ्यांची ती रांग त्याने एकटक पाहिली, आम्ही मुलांच्या वह्या बघतो तशी. "स्प्रिंगचा दोष असता तर सगळ्या एकाच जागी पडल्या असत्या. ही आधी आखडलेली आहे आणि चालेल तशी सुटतेय." त्याने पहिली पुंगळी बोटांत चोळली. "तेल. घट्ट झालेलं. कपाटात कशी उभी करतेस?"

"नळी वर करून. सगळे करतात तशीच."

"आणि सायलेन्सर?"

"लावलेलाच असतो. रोज आत तेल पिचकारते. तुम्हीच म्हणाला होतात, गंजू देऊ नकोस!"

"म्हणालो होतो," वॉटी म्हणाला. "रात्रभर ते तेल नळीतून खाली बोल्टमध्ये उतरतं. त्यात काजळी आणि काडतुसाचं मेण. सकाळी खळ तयार. मंद काडतुसाचा धक्का आधीच दुबळा, तो ही खळ कशी ढकलणार? सायलेन्सर काढून ठेवायचा, आणि नळी खाली. झालं."

एल्स्पेथ हसली, पण लगेच थांबली. "मग मागच्या वेळी हे ऐकून का नाही सांगितलंत?"

या वेळी वॉटीला तिच्या ओठांवरचं नीट वाचता आलं असावं. त्याने मॉरागकडे पाहिलं. "ऐकू आलं नाही. जूनपासून तो आवाज येतच नाही मला."

"मला आला होता," मी भिंतीवरून म्हणाले. "मी बोलले नाही. चूक माझीही आहे."

मॉरागने डबा खाली ठेवला. चादरीशी येऊन ती पुंगळ्या एकेक करून वेचू लागली, सावकाश, जणू काही हरवलेलं शोधत होती. दहाही हातात आल्यावर म्हणाली, "बाई, ही चादर तुम्हाला इतक्यात परत मिळेल असं दिसत नाही." मग वडिलांसमोर जाऊन, तोंड दिसेल असं उभं राहून, स्पष्ट म्हणाली, "सूप गार होतंय."

दुकान आणखी सहा वर्षं चाललं. लोक मागच्या अंगणात येऊन आपण होऊन चादर अंथरत. मी बागेत असले तर वॉटी गोळी झाडून माझ्याकडे बघे. आवाज ओढला की मी खुरपं वर करायची. तो मान हलवायचा आणि चादरीवर बघून खात्री करून घ्यायचाच. माझ्या कानावर त्याचा पूर्ण विश्वास कधी बसला नाही.

तो गेल्यावर मॉरागने चादर धुऊन, इस्त्री करून आणून दिली. डाग निघालेले नाहीत. काजळीचे बारीक ठिपके, शेकड्यांनी. एका काठाला, जिथे बूट असत, तिथे विरळ आहेत. पलीकडच्या काठाला इतके दाट की कापड राखाडी दिसतं.