चार लाख नऊ टक्क्यांनी, आठ लाख बारा टक्क्यांनी

गेल्या वर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पुण्यातल्या बँकेने माझी दोन शैक्षणिक कर्जे एकत्र केली. नव्या कर्जाचा व्याजदर सव्वाअकरा टक्के. सहकर्जदार म्हणून वडिलांनी शाखेत जाऊन सही केली. माझी संमती मी ओसाकाहून ईमेलने पाठवली. तेव्हा मी फलाटावर उभी होते आणि गाडी यायला चार मिनिटे होती.

संध्याकाळी वडिलांचा फोन आला. “दोनाचा एक हप्ता झाला बघ. आणि ते बारा टक्के गेले एकदाचे.”

“फॉर्म वाचलात का तुम्ही, बाबा?”

“त्यात काय वाचायचं? मॅनेजर ओळखीचे आहेत. चहा पाजला त्यांनी.”

“चहावर किती टक्के लावले?”

“तुझं आपलं काहीतरीच. दर किती, एवढंच विचारलंस तू. तो सांगितला.”

हे खरे होते. मी फक्त दर विचारला होता.

पहिल्या कर्जाचे चार लाख शिल्लक होते, नऊ टक्क्यांनी. ते दोन वर्षांत फिटणार होते. त्याला आईवडिलांच्या घराचे कागद तारण होते. दुसरे आठ लाखांचे, बारा टक्क्यांनी, विनातारण. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, इमारतीला लिफ्ट नाही आणि आईचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. पहिले कर्ज फिटले की कागद सोडवायचे, घर विकायचे आणि तळमजल्यावर जायचे, असे ठरले होते.

दोन आठवड्यांनी वडिलांनी मंजुरीपत्राचे फोटो पाठवले. प्रयोगशाळेत कमी-जास्त तीव्रतेची द्रावणे मिसळणे हे माझे रोजचे काम आहे. मिश्रणाची तीव्रता कशी काढतात हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. चार लाखांचे वर्षाचे व्याज छत्तीस हजार, आठ लाखांचे शहाण्णव हजार. एकूण एक लाख बत्तीस हजार, म्हणजे बारा लाखांवर बरोबर अकरा टक्के. वरचा पाव टक्का कशाचा, हे पत्रात कुठेही नव्हते. मुदत नव्याने दहा वर्षे. सातव्या पानावर एक ओळ होती: विद्यमान तारण संपूर्ण एकत्रित कर्जास लागू राहील.

शाखा उघडते तेव्हा ओसाकात दुपारचे दीड वाजलेले असतात. मी जिन्यात उभी राहून कर्जविभागाला फोन लावला.

“एकत्र करताना पाव टक्का वाढतो, मॅडम,” तिथला अधिकारी म्हणाला.

“कुठे लिहिलंय?”

“सिस्टीममध्येच आहे.”

“आणि घराचे कागद?”

“ते एकदम सेफ आहेत, मॅडम. काळजी करू नका.”

ओसाकात मी एका खोलीचे घर भाड्याने घेतले तेव्हा एजंटने आधी स्वतःचे परवान्याचे कार्ड टेबलावर ठेवले आणि मग कराराशी जोडलेली महत्त्वाची माहिती कलमवार मोठ्याने वाचून दाखवली. सांडपाण्याची व्यवस्था, पुराचा धोका, घर सोडतानाची सफाई. तास गेला. मी दोनदा घड्याळ पाहिले. तो थांबला नाही. इथे घर देण्यापूर्वी हे समजावून सांगणे कायद्याने बंधनकारक आहे. पुण्यात बारा लाखांचे कर्ज आणि राहते घर ज्या कागदावर बांधले गेले, त्यातले एक वाक्यही माझ्या वडिलांना कोणी वाचून दाखवले नाही. त्यांना चहा मिळाला आणि जिथे सही करायची तिथे पेन्सिलीची फुली मिळाली.

मी लेखी तक्रार केली. तिसऱ्या स्मरणपत्रानंतर उत्तर आले. दर पहिल्या दिवसापासून अकरा टक्के करण्यात आला आणि जादा घेतलेले व्याज खात्यात जमा झाले. तारणाबाबत बँकेने कळवले की सहकर्जदाराने स्वेच्छेने सही केली असल्याने बदल करता येणार नाही.

“पाव टक्का तरी सोडवलास,” वडील म्हणाले. मागून आईचा आवाज आला, “तिला विचारा, जेवली का.”

घराचे कागद बँकेत आहेत. आईवडील तिसऱ्या मजल्यावर राहतात.