जास्तीचा पीळ

ऐंशीच्या दशकात चंद्रपूरच्या कॉलेजात मी शेवटच्या वर्षाला होते. सेमिनारसाठी कोणीच न घेतलेला विषय माझ्या वाट्याला आला: उकळत्या, आंबट झऱ्यांत राहणारे आर्किबॅक्टेरिया नावाचे सूक्ष्मजीव आणि त्यांना लागणारे विषाणू. मॅडमनी नागपूरहून एका शोधनिबंधाची झेरॉक्स आणून दिली. त्यातला विषाणू आपल्या यजमानाला, म्हणजे ज्या सूक्ष्मजीवात शिरतो त्याला, मारत नाही. त्याचा डीएनए यजमानाच्या डीएनएत शिवल्यासारखा गुपचूप बसतो, आणि अतिनील किरण पडले की त्याच्या भराभर प्रती निघतात. एवढं कळलं. पण इतक्या उष्णतेत डीएनएचे दोन धागे सुटे व्हायला हवेत. मग नक्कल करायला शाबूत उरतं काय?

सुटीत गावी गेले. आमचं गाव मूल या तालुक्याच्या गावाजवळ, वडील तलावात मासे धरायचे. अंगणात ते अंबाडीचा दोर वळत होते आणि दुसरं टोक माझ्या हातात होतं. माझं डोकं निबंधात, म्हणून मी पीळ देतच राहिले. दोर स्वतःभोवतीच गुंडाळला गेला.

"बस कर न बाई, आता हा सुटते काय?" बाबा म्हणाले.

त्यांनी नखानं पदर वेगळे करून पाहिले, होईनात. मी आत धावले. निबंधातलं न उमगलेलं वाक्य हेच तर सांगत होतं: या विषाणूचा गोल डीएनए नेहमीपेक्षा जास्त पिळलेला असतो. जास्तीचा पीळ त्याला उष्णतेत सुटू देत नसणार!

सेमिनारला मी दोराचा तुकडा घेऊन गेले. पिळून दाखवला तशी मागच्या बाकावरची पोरंही उभी राहून पाहू लागली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, इतका घट्ट असेल तर प्रत काढायला तो उघडतो कसा?

घरी घोकलेली शुद्ध भाषा त्या क्षणी पळाली.

"सर, ते पुरतं अजून कोणालेच माहीत नाई. मले ते शोधाचं आहे."

वर्गात कोणी हसलं नाही.

"मग शोधा," परीक्षक म्हणाले, आणि हाच सेमिनार पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर पुन्हा द्यायला त्यांनी सांगितलं.

निकाल लागला तेव्हा वर्गात माझे मार्क सगळ्यांत जास्त होते. एसटीनं मूलला उतरून गावापर्यंत मी जवळजवळ पळतच गेले. बाबा तलावाच्या बांधावर होते. पास झाली काय, त्यांनी विचारलं.

"पहिली आली," मी म्हणाले.

त्यांनी टोपलीतला सगळ्यात मोठा मासा उचलून माझ्या हातात दिला. तो मी सगळ्या गावातून मिरवत घरी नेला.