मीटरबोर्डातली पांढरी डबी

गाजलेल्या गुन्ह्यांविषयी लोक मला विचारतात, पण मनात घर करून राहिलाय तो श्रीरामपूरचा एक साधा तक्रारअर्ज.

नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. सकाळची हजेरी आटोपते न आटोपते तोच एक निवृत्त शिक्षक पोलीस ठाण्यात आले. पत्नी वारलेली, घरी एकटेच राहत. आदल्या दिवशी वीज गेली म्हणून सरांनी मीटरबोर्डाचं झाकण उघडलं, तर आत कधी न पाहिलेल्या वस्तू.

"माझ्यावर कोणीतरी पाळत ठेवतंय," ते म्हणाले. संशय पुतण्यावर होता. घराच्या वाटणीवरून दोघांचं बिनसलं होतं.

स्टेशन डायरीत नोंद केली, एक निवृत्त लाईनमन सोबत घेतला आणि पंचांसमक्ष बोर्ड उघडला. लाईनमन एकेक वस्तू दाखवत गेला. "हे एमसीबी, लोड वाढला की पडतात. हा ईएलसीबी, शॉक लागला की लाईन तोडतो. ही पांढरी डबी मात्र बोर्डातली नव्हे, साहेब."

काडेपेटीएवढी डबी, आत मोबाईलचं सिमकार्ड. वायर गेली होती स्वयंपाकघरातल्या दिव्याकडे. कॅमेरा नव्हता, माईक नव्हता. मग पाळत कशावर?

सिम एका वायरमनच्या नावावर निघालं. वर्षभरापूर्वी सरांचा बोर्ड त्यानेच बदलला होता. चौकशीला बसवलं, दरडावलं. तो मान खाली घालून गप्प. खोटं बोलणाऱ्याकडे उत्तरं तयार असतात. हा कोणाला तरी दिलेला शब्द सांभाळत होता. चहा मागवला आणि सहज म्हणालो, "मग पुतण्यालाच आणावं लागेल."

तसा तो कळवळला. "त्यांचा काय बी संबंध न्हाई, साहेब. सरांच्या पोरीनं बसवायला लावलं. लई रडत हुती फोनवर."

मुलीने आठ वर्षांपूर्वी वडिलांच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं. ती नाशिकला नर्स होती. सरांनी बोलणं तोडलेलं. मध्यंतरी सर न्हाणीत पडले आणि दिवसभर कोणाला कळलं नाही, हे तिच्या कानावर गेलं. म्हणून ही डबी. सकाळी सरांनी चहासाठी दिवा लावला की तिच्या मोबाईलवर मेसेज जाई. एवढंच.

सरांना बोलावून सगळं सांगितलं. "तुम्हाला न विचारता बसवलंय. तक्रार पुढे न्यायची का, तुम्ही ठरवा."

सरांनी वायरमनकडे वळून विचारलं, "रोज बघते ती?"

"रोज, सर. लाईट गेली आन् मेसेज न्हाई गेला, की मला पळवते. बोर्ड बघायच्या निमित्तानं मी तुमाला बघून जातो."

सरांनी चष्मा काढून पुसला. मुलीचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. मीच फोन लावून त्यांच्या हातात दिला. पलीकडून तिने दोनदा "कोण?" म्हणून विचारलं.

शेवटी सर म्हणाले, "मी बोलतोय. चहा झालाय माझा. तू घेतलास का?"

मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

अर्ज त्यांनी मागे घेतला. असं चोरून काही बसवणं बरोबर नाही, हे मुलीलाही मी नंतर समजावलं. पण त्या दिवसापासून चौकशीत 'काय केलंस' याच्या आधी 'कोणासाठी केलंस' असं विचारू लागलो. हा प्रश्न मला सुचायला सगळी नोकरी सरावी लागली.